उत्तेजनार्थ

माझं नाव बाबांनी पहिल्यांदा ऐकलं ते कर्ण्यावर. रत्नागिरीला मैदानात भजनस्पर्धेचा निकाल सांगत होते, आणि इकडे पूर्णगडला आईला माझ्या वेळच्या कळा सुरू झाल्या होत्या. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी उरकल्या. पहिलीला बाबा हजर होते, दुसरीला नव्हते, आणि पुढेही ते असेच हजर राहिले. मी असं काही बोललो की आमची ही म्हणते, या वयात माणसाने इतकं आंबट असू नये. ती सावर्ड्याची, तिच्या माहेरी मेलेल्या माणसांबद्दल चांगलंच बोलतात. मी आता लिहायला बसलोच आहे तर जसं झालं तसं लिहिणार आहे.

बाबा दुसऱ्याच्या मचव्यावर तांडेल होते. मचवा कुठे न्यायचा, जाळं कधी सोडायचं, परत कधी फिरायचं हे सगळं ते ठरवायचे, आणि समुद्रावर त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. पण त्यांना तांडेल म्हणून हाक मारलेली आवडायची नाही. त्यांना बुवा म्हणायचं. वाडीच्या भजनी मंडळाचे ते बुवा होते, म्हणजे पेटी घेऊन मधोमध बसायचं, अभंग उचलायचा, आणि बाकीच्यांनी मागून तो झेलायचा. आवाज खरोखर चांगला होता. हे मला मान्य करावं लागतं, आणि करताना जीभ जड होते. मचव्यावरून आलेल्या माणसाच्या अंगाला जो वास असतो तो त्यांच्याही अंगाला असायचा, पण पेटीवर बसण्याआधी कढत पाण्याने चोळून आंघोळ, कपाळाला अष्टगंध आणि अंगात पांढरा सदरा. तो सदरा आई नीळ घालून धुवायची. आमच्या शाळेच्या सदऱ्यांना नीळ कधी लागली नाही.

घरात आवाज फार. मंडळाची सगळी वाद्यं आमच्याच पडवीत असायची. संध्याकाळी पखवाजाच्या वाद्या ताणायला लाकडी गट्टे हातोडीने ठोकायचे, ती ठकठक सुरू झाली की कोंबड्या अंगणातून पळायच्या. मग झांजा, मग पेटीचा भाता, आणि त्या सगळ्यावरून आई चुलीपाशी भाकऱ्या थापत असल्याचा आवाज. ती दुपारी पावसच्या बाजारात मासळीची पाटी विकून चालत आलेली असायची. जेवायला तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं, तिरफळ ठेचून घातलेलं. मचवे बंद असले की पेज आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा. गहू मात्र आमच्या घरात खाण्यासाठी कधी आला नाही. तो यायचा पखवाजासाठी. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. आई मूठ मूठ गहू जात्यावर दळून पीठ एका डब्यात ठेवायची आणि त्या डब्याला आम्ही हात लावायचा नाही. मी एकदा चपाती मागितली तेव्हा ती म्हणाली, अरे, ते पखवाजाचं आहे. भजन संपल्यावर ती कणीक खरवडून कोंबड्यांना टाकत. एकदा कोंबड्यांच्या आधी मी पोचलो आणि वाळत आलेला तो गोळा तोंडात टाकला. चामड्याचा आणि माणसांच्या घामाचा वास होता त्याला. आज आमच्याकडे रोज चपात्या होतात आणि मी भाकरीच मागतो, म्हणून आमची ही माझ्यावर वैतागते.

माझ्या आधीचा भाऊ प्रथम. तो पोटात होता तेव्हा शेजारच्या गावच्या सप्ताहात मंडळाला पहिला नंबर मिळाला. मोठी ढाल मिळाली, लाकडावर पितळ बसवलेली. ती पडवीत खुंटीला लटकली आणि मुलगा झाला तेव्हा बाबांनी त्याचं नाव प्रथम ठेवलं. गणपतीला प्रथमेश म्हणतातच, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट वाडीत कौतुक झालं, की बुवांनी ढालीची आठवण पोरात ठेवली. त्या कौतुकाची चटक लागली असावी. नाहीतर दुसऱ्या मुलाला आजोबाचं नाव देऊन मोकळे झाले असते आणि मीही एखादा सदाशिव किंवा धोंडू म्हणून सुखाने म्हातारा झालो असतो.

रत्नागिरीची स्पर्धा म्हणजे मोठी. लांबलांबची मंडळं यायची, रात्रभर एकेका मंडळाच्या बाऱ्या चालायच्या आणि उजाडल्यावर निकाल. बाबांच्या मंडळाची ती तिथली पहिलीच वेळ. निकाल सांगायला कोणी शिकलेले गृहस्थ होते, त्यांचं बोलणं छापल्यासारखं. त्यांनी प्रथम क्रमांक सांगितला, द्वितीय सांगितला, तृतीय सांगितला, ढाली देऊन झाल्या, माणसं सतरंज्या गुंडाळायला लागली. मग ते जरा थांबले आणि म्हणाले, आणि उत्तेजनार्थ, पूर्णगड. आता यात घोटाळा कसा झाला ते भजनात न बसलेल्या माणसाला कळायचं नाही. भजनाच्या बारीत सगळं चढत जातं. आधी नमन, मग रूपाचा अभंग, मग गौळण, आणि अगदी शेवटी गजर. लोक पेंगत पेंगत बसलेले असतात ते त्या गजरासाठी, आणि बुवा कसा आहे हे गजराला कळतं. बाबांचं सगळं आयुष्य या क्रमात गेलेलं. पहिला, दुसरा, तिसरा झाल्यावर, थोडं थांबून, इतक्या भारदस्त शब्दानिशी त्यांचं गाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांची खात्रीच पटली की हा पहिल्याच्याही वरचा मान. शब्दाच्या शेवटी ‘अर्थ’ आहे, म्हणजे ज्यांनी अभंगाचा अर्थ ओळखून म्हटलं त्यांना हा देतात, असाही खुलासा त्यांनी परतताना टेम्पोत केला. ढाल नव्हती, नारळ होता आणि एक छापील कागद. त्यावर त्यांचं म्हणणं, ढाली बाजारात कोणालाही मिळतात, साहेबाची सही मिळत नाही. मंडळात चौथीच्या पुढे शिकलेलं कोणीच नव्हतं. सगळ्यांना पटलं. गुलाल उधळत टेम्पो वाडीत आला आणि उंबऱ्यातच आत्याने सांगितलं की मुलगा झालाय.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचा नवरा मुंबईला होता आणि ती आमच्याच वाडीत दोन घरं पलीकडे राहायची. बारशाला कानात नाव सांगायचा मान तिचा. उत्तेजनार्थ फार लांबडं होतं म्हणून बाबांनी त्याचं उत्तेजन केलं, पण आत्याला तेवढंही जमेना. बाबांनी तिला समोर बसवून ते नाव घोटून घेतलं, असं ती पुढे हसत सांगायची. बारशाच्या दिवशी तिने पाळण्यात वाकून माझ्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. कागद चौकटीत घालून देवळाच्या सभामंडपात लावला होता. तो तिथे काही महिने होता. मग गावात नवे मास्तर आले, कोल्हापूरकडचे. एकदा आरतीनंतर सगळी वाडी जमलेली असताना ते कागदासमोर उभे राहिले आणि बाबांनी अभिमानाने विचारलं, वाचलंत ना मास्तर? मास्तर वाईट माणूस नव्हते. ते चांगलेपणानेच म्हणाले, “वाचलं. होईल हो बुवा, पुढच्या वर्षी होईल. हरलेल्यांनी खचू नये म्हणून देतात हे.”

यानंतर काय झालं ते मला आत्याने सांगितलं, आईने कधी नाही. वाडी कितीतरी दिवस हसत होती. समुद्रावर जाळं रिकामं आलं की खलाशी म्हणायचे, आज उत्तेजनार्थ. कोणाच्या पोराचं लग्न मोडलं तर उत्तेजनार्थ, कोणाच्या कोंबडीची अंडी नासली तर उत्तेजनार्थ. आजही आमच्या वाडीत हा शब्द असाच वापरतात. हल्लीच्या पोरांना तो कुठून आला ते ठाऊक नाही आणि मी सांगत नाही. बाबांनी तो कागद एका सकाळी उतरवला. त्याचं पुढे काय केलं कोणालाच माहीत नाही. मला तसं उतरवता येत नव्हतं. आईने म्हणे सुचवलं, की नाव बदलू या, तेजस म्हणू या. आत्या आडवी आली. “मी त्याच्या कानात सांगितलंय,” ती म्हणाली. “आता तेच त्याचं नाव.” मला शाळेत घालायला तीच घेऊन गेली आणि तिनेच ते नाव ठणकावून घातलं. अख्ख्या वाडीत मला पूर्ण नावाने हाक मारणारी ती एकटी होती.

बाबांनी मला नावाने हाक मारणं सोडून दिलं. आधी मारत होते की नाही तेही मला ठाऊक नाही, पण मला कळायला लागल्यापासून मी बारक्या. बारक्या, वल्हं आण. बारक्या, पाण्याचा तांब्या. ते म्हणतात म्हणून आई, आई म्हणते म्हणून वाडी. तसं आमच्याकडे घरोघर एक बारक्या असतोच आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. मला वाटायचा. कारण इतर घरांतले बाप चिडले की पोराला पूर्ण नावाने हाक मारत, आणि माझे बाबा चिडले तरी नाव घेत नसत. पडवीतून प्रथम, प्रथम अशी हाक आली की मी कान टवकारून बसायचो, की आता दुसरी हाक माझ्या नावाची येईल. पुढे पावसच्या हायस्कुलात मोठ्या पोरांना माझ्या नावाचा आणखी एक अर्थ सापडला, आणि त्या वयातल्या पोरांना तो सापडल्यावर माझं काय झालं असेल ते लिहायची गरज नाही. पण ती पोरं निदान नाव तरी घेत होती.

मग मंडळाचा पखवाज वाजवणारा माणूस मुंबईला गेला आणि बाबांची पंचाईत झाली. त्यांनी प्रथमदादाला बसवून पाहिलं. दादा स्वभावाने सोन्यासारखा, पण हाताला ताल नव्हता, तो झांजेवरही कसाबसा टिकायचा. माझा हात बसला. तो कसा बसला ते मलाही कळलं नाही, इतकी वर्षं ते सगळं झोपेत कानावरून गेलेलं होतं. शिकवणी अशी, की बाबा पेटीवर, समोर मी, बाजूला दादा, आणि बाबा मला काही सांगायचं झालं तर दादाला सांगायचे. “त्याला म्हण डावा हात हलका ठेव.” मी दोन हातांवर असायचो. तरी दादा मानेने माझ्याकडे वळून म्हणायचा, डावा हात हलका ठेव. एकदाच त्यांनी स्वतः उठून माझं मनगट धरून पखवाजावर ठेवलं आणि बोटं कुठे पडली पाहिजेत ते दाखवलं. त्यांचा तळहात दोऱ्या ओढून घट्ट झालेला होता. ते परत पेटीपाशी गेले तरी मी मनगट तसंच धरून होतो. आता यावर हसू येतं असं लिहायला पाहिजे, पण येत नाही.

भजनाच्या बारीत एक रीत असते. मधे कुठेतरी बुवा थांबून साथीदारांची ओळख करून देतो. झांजेवर अमके, पखवाजावर अमके, कोरसला अमके, प्रत्येकाचं नाव आणि गाव, आणि लोक टाळ्या वाजवतात. आमच्या गावांतल्या बाऱ्यांत बाबा म्हणायचे, पखवाजावर आमचा बारका. लोकांना ते लाडाचं वाटायचं, बायका कौतुकाने बघायच्या. मी मान खाली घालून कणीक चाचपत बसायचो. पण रत्नागिरीच्या स्पर्धेत तसं चालत नसे. तिथे प्रत्येकाचं नाव आधी सांगावं लागे आणि शिवाय उत्कृष्ट गायक, उत्कृष्ट पेटी, उत्कृष्ट पखवाज अशी वेगळी बक्षिसं असत, ती नाव घेऊन पुकारत. मास्तरांनी सांगितल्यापासून बाबा त्या मैदानात गेले नव्हते. त्या वर्षी मंडळाने हट्ट धरला, आता पोराचा हात असा आहे की जायलाच हवं. बाबा हो म्हणाले आणि मी कामाला लागलो. शाळेतून आलो की पखवाज, जेवण झालं की पखवाज. बोटांच्या पेरांवर फोड आले, आई त्यांवर खोबरेल लावायची. मला ढाल नको होती. माझ्या बापाच्या तोंडून, त्या मैदानात, कर्ण्यावर माझं नाव यायला हवं होतं. जिथे ते नाव त्यांना चिकटलं तिथेच त्यांनी ते घ्यावं, आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात. मग ते नाव धुऊन निघालं असतं असं मला वाटत होतं. त्या वयात असलं काहीही वाटतं.

आमची बारी लागली. आम्ही वाद्यं जुळवत असताना एक तरुण मुलगा नावं विचारायला आला. बुवा? दत्ताराम बुवा, पूर्णगड. पखवाज? बाबा म्हणाले, माझा पोरगा. नाव? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं. पेटीच्या भात्यावरचा हात थांबला. मग ते दुसरीकडे बघून म्हणाले, “प्रथम.” दादा झांज घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसलेला, त्याने चमकून वर पाहिलं. झांजेवर कोण म्हणून मुलाने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, त्याचा भाऊ. तो मुलगा घाईत होता, तेवढ्यावर गेला. मला वाटलं, हे चुकून झालं असेल, नंतर सांगतील. मग पेटी सुरू झाली आणि मी वाजवलं. कसं वाजवलं ते मी सांगू नये, पण गजराला समोरची माणसं उभी राहिली आणि त्यातली निम्मी बाबांकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होती.

सकाळी निकाल लागला. आमच्या मंडळाला तिसरा नंबर, बाबांचा चेहरा फुलला. मग एकेकाची बक्षिसं सुरू झाली. उत्कृष्ट पखवाज, प्रथम, असं कर्ण्यावर आलं आणि सगळं मैदान थांबून राहिलं, कारण लोकांना वाटलं पहिला नंबर म्हणतायत, नाव अजून यायचंय. “कोण ते सांगा की,” मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले. पुकारणाऱ्याने पुन्हा सांगितलं, प्रथम हेच नाव आहे, प्रथम दत्ताराम, पूर्णगड. दादा उठेना. बाबांनी त्याला कोपराने ढोसलं. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी सतरंजीकडे, आणि मग तो गेला. त्याने ढाल घेतली, वाकून नमस्कार केला, टाळ्या झाल्या. परतताना टेम्पोत त्याने ती माझ्या मांडीवर ठेवली, घे, तुझी आहे. मी ती खाली सरकवली.

घरी पोचल्यावर, आई चहा ठेवत असताना, मी बाबांच्या समोर उभा राहिलो. मी त्यांच्यासमोर असा कधी उभा राहिलो नव्हतो.

“बाबा, पखवाज मी वाजवला.”

“सगळ्यांनी बगितलान की.”

“नाव दादाचं का सांगितलंत?”

ते बशीत चहा ओतत होते. ओतून झाल्यावर म्हणाले, “पखवाज हातानं वाजतो. नावानं वाजतो काय?”

मंडळातले दोघेतिघे पडवीत बसलेले होते, ते हसले. बाबांनाही आपलं बोलणं आवडलं, तेही हसले. त्या क्षणी मला ते माणूस म्हणून नकोसे झाले, आणि हे मी आज, त्यांच्याहून म्हातारा झाल्यावरही, बदलून लिहू शकत नाही. त्या दिवसानंतर मी पखवाजाला हात लावला नाही. बाबांनी दादाकरवी निरोप पाठवले, आईला सांगायला लावलं, मंडळातली माणसं समजूत घालून गेली. एकदा आत्याला पाठवलं. ती माझ्याशेजारी बसली, मला एकदा नावाने हाक मारली आणि उठून गेली. पुढच्याच वर्षी ती वारली.

दहावी झाल्यावर मी मिरजोळ्याला एका बर्फाच्या कारखान्यात लागलो. लाद्या ओढायच्या, फोडायच्या, गाड्या भरायच्या. तिथल्या मुकादमाने पहिल्याच दिवशी नाव ऐकून सांगितलं, अरे, बदलून घे, उत्तम कर, एका दिवसाचं काम आहे. मी नाही म्हणालो. लोकांना वाटलं, मला नावाचा अभिमान आहे. अभिमान कसला? ते नाव मी दातांत धरून ठेवलं होतं. मी बदललं असतं तर बाबा सुटले असते. त्यांना जे नाव घशाखाली उतरत नव्हतं ते मी जन्मभर लावणार होतो, आणि कधीतरी त्यांना ते ऐकावं लागणार होतं, चारचौघांत, त्यांच्याच घरात. गणपतीला घरी जायचो तेव्हा सगळे बारक्या, बारक्या करायचे. मी ओ द्यायचो आणि आतल्या आत थांबून राहायचो.

परवा मुंबईहून मुलाने मोबाइलवर काही नावं पाठवली. नातू झालाय. हल्ली म्हणे मुलग्यांची नावं बक्षिसांवरून, पुरस्कारांवरून ठेवायची पद्धत निघाली आहे. गौरव, सन्मान, पदक, चषक. चषक म्हणजे दारूचा प्याला, हे कोणी त्यांना सांगितलेलं दिसत नाही. मुलाने खाली लिहिलं होतं, बाबा, तुम्हाला कुठलं आवडतं ते कळवा. माझं नाव कुठून आलं हे त्याला माहीत नाही, मी कधी सांगितलं नाही. त्याला वाटतं, आजोबांना मुलगा तेजस्वी व्हावा असं वाटलं असेल. मी कळवलं, तुम्हाला हवं ते ठेवा. मग फोन उलटा ठेवला.

माझं लग्न ठरलं ते सावर्ड्याच्या सुलभाशी. लग्न तिच्या गावी झालं. बाबांचे गुडघे तोवर गेले होते, ते काही आले नाहीत, सगळं दादाने पाहिलं. आमच्याकडे तेव्हा पत्रिका वगैरे छापत नसत, घरोघर जाऊन तोंडी सांगायचं, बारक्याचं लगीन हाय, यायचं. दादाने तेच केलं. मला चाललं, कारण माझ्या डोक्यात वेगळं होतं. नवरी घरी आली की बहिणी दार अडवतात आणि नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. मी सुलभाला गाडीतच सांगून ठेवलं, की उखाणा कुठलाही घे, पण नाव पूर्ण घे, स्पष्ट घे आणि मोठ्याने घे. तिने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे तशी रीत आहे.

आम्ही वाडीत शिरलो तेव्हा बाबा अंगणात खुर्चीवर बसलेले होते, पांढरा सदरा घालून, सुलभाच्या मामांशी बोलत. हे मामा आधीच्या गाडीने पुढे आलेले. बाबा त्यांना जुन्या बाऱ्यांच्या गोष्टी सांगत होते. त्यांचं डोकं अगदी शाबूत होतं. कोणत्या गावाला कोण झांजेवर होता, कोण कोरसला होता, मुंबईला गेलेला पखवाजवाला, मेलेली माणसं, एकेकाचं नाव ते न अडखळता घेत होते. आम्हाला पाहून ते थांबले. उंबऱ्यावर माप ठेवलेलं होतं, चुलत बहिणींनी दाराला हात लावले. “नाव घे गो वयनी, नायतर भायरच ऱ्हा.” अंगण भरलेलं होतं. मी सुलभाकडे नाही, बाबांकडे बघत होतो. इतकी वर्षं मी त्या चेहऱ्यासाठी थांबलो होतो.

सुलभाने पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

“सावर्ड्याहून निघाले, पूर्णगडला आले,
उत्तेजनरावांचं नाव घेऊन या घरची मी झाले.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. दोनचार म्हाताऱ्या खलाशांनी एकमेकांकडे पाहिलं. आई दारातच हातात ओवाळणीचं ताट घेऊन थांबली आणि बाबांकडे बघायला लागली. तिला कळलं होतं. दादालाही कळलं होतं. बाबा खुर्चीत पुढे वाकले.

“कोणाचं गो नाव घेतलंस?”

सुलभा गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. दादाने हलक्या आवाजात सांगितलं, “बाबा, आपल्या बारक्याचं.”

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी त्या डोळ्यांत राग शोधला, मग लाज शोधली, मग थट्टाही शोधून पाहिली. काही नव्हतं. ते मला मुलीच्या गावाकडच्या एखाद्या पाहुण्याकडे बघावं तसे, मान हलवत, चांगुलपणाने बघत होते.

“बरं हाय नाव,” ते म्हणाले. “कोणी ठेवलान?”